सरावाच्या प्रोग्रॅमचे दप्तर

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात त्याचा समावेश झाला. शिक्षण व कौशल्यविकास यांवर या कार्यक्रमाचा भर असल्याने, शाळेतील संगणकाचा सराव नीट चालणे अगत्याचे ठरते.

संगणकाची भाषा पाठांतराने येत नाही. लहान लहान प्रोग्रॅम लिहूनच ती अंगवळणी पडते. हेक्टरचे एकर करणे, सोयाबीनची पट्टी काढणे, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या पावसाची सरासरी काढणे, हे प्रोग्रॅम दहा-वीस ओळींचेच असतात. परंतु त्यांची संख्या वाढत जाते. एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी आळीपाळीने बसत असतील, तर एकाची ‘सराव १’ ही फाइल दुसऱ्याच्या त्याच नावाच्या फाइलमुळे नाहीशी होते. मेहनत वाया जाते आणि शिक्षकास प्रगती तपासता येत नाही.

येथे महसुली दप्तराचा दाखला उपयुक्त ठरेल. गाव नमुना ७ अधिकार अभिलेखाचा, तर नमुना १२ पिकांच्या नोंदीचा. नमुने स्वतंत्र, परंतु दप्तर गावाचे एकच. सरावाची मांडणीही अशीच असावी.

मात्र भाषेनुसार तिच्यात भेद करावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला ‘मेन’ हे एकच प्रवेशद्वार असते. एका प्रकल्पात असे दोन प्रोग्रॅम ठेवल्यास जोडणीच्या वेळी दोष दाखविला जातो. म्हणून ‘कोड ब्लॉक्स’मध्ये प्रत्येक उदाहरणाचा स्वतंत्र प्रकल्प करून ते सर्व एका ‘वर्कस्पेस’मध्ये ठेवावेत. जावामध्ये प्रत्येक वर्गाला स्वतःचे ‘मेन’ असू शकते. त्यामुळे ‘एक्लिप्स’मध्ये एकच प्रकल्प व धड्यागणिक एक ‘पॅकेज’ पुरते. पायथनची प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे चालत असल्याने तेथे धडेवार फोल्डर पुरेसे होतात.

याखेरीज तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येक विद्यार्थ्याचे फोल्डर हजेरी क्रमांकाने वेगळे असावे. फाइलच्या नावात धडा, उदाहरण क्रमांक व विषय यावा आणि पहिल्याच ओळीत उद्देश व दिनांक लिहावा. आठवड्यातून एकदा सर्व कामाची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेली ‘गिट’ ही विनामूल्य प्रणाली इंटरनेटशिवायही प्रत्येक बदलाची नोंद ठेवते; वरच्या वर्गांना तिचा परिचय करून द्यावा.

या व्यवस्थेस वेगळा निधी फारसा लागत नाही; लागते ती शिस्त. आपण काल काय शिकलो हे विद्यार्थ्यास आज पाहता आले, तरच उद्याचा धडा पक्क्या पायावर उभा राहील.