मासा कुठला, पाणी कुठलं?

‘‘चार वर्षं शिकून शेवटी काय, मासेच विकायचेत ना?’’ शेजारच्या वहिनींचा हा प्रश्न मला अजून आठवतो. त्यांच्या लेकीने बारावीनंतर रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा गल्लीत चर्चेला विषयच मिळाला होता. खरं सांगते मैत्रिणींनो, या शिक्षणाचा उपयोग तेव्हा मलाही कळला नव्हता. तो कळला आमच्या बचत गटाच्या तळ्यामुळे!

आमच्या गटाने गावतळ्यात मासे सोडायचं ठरवलं होतं. वर्गणीही जमली होती. कुणीतरी सुचवलं, ‘‘चिलापी सोडा, मरत नाही आणि भराभर वाढते.’’ सुट्टीला आलेल्या लेकीच्या कानावर हे गेलं. तिने एवढंच विचारलं, ‘‘काकू, तळं भरलं की जास्तीचं पाणी कुठे जातं?’’

‘‘ओढ्याला. आणि ओढा नदीला.’’

‘‘मग चिलापीही नदीत गेलीच म्हणून समजा. तिथल्या मूळच्या माशांनी काय करायचं?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, मासा तो मासा. नदीत दोन जास्त झाले तर बिघडलं कुठे?’’ तेव्हा तिने मला महाशीरची गोष्ट सांगितली.

महाशीर म्हणजे गोड्या पाण्यातला पहिलवान. हौशी मंडळी तो गळाने धरतात, वजन करतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. खाण्यासाठी नाही, त्याच्याशी झुंजण्याच्या आनंदासाठी! १९४६ मध्ये कर्नाटकात कबिनी नदीत तब्बल ५४ किलोचा महाशीर गळाला लागला होता. ही कबिनी पुढे कावेरीला मिळते.

आपल्याकडचा महाशीर वेगळा. त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याची नोंद केली, तीही आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे हा मासा कमी होऊ लागला. तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोणावळ्यात टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० नंतर त्याची पैदास सुरू केली. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढायची, नराचं बीज त्यात मिसळायचं, ट्रेमध्ये वाहत्या पाण्यात ती जपायची. अगदी बाळंतिणीच्या खोलीसारखं काम! इथली पिल्लं देशातल्या अनेक नद्या-तलावांत गेली. त्यातली काही कावेरीतही सोडली गेली.

हेतू चांगलाच होता. नदीत महाशीर वाढावेत, गळवाल्यांनाही मासा मिळावा. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला उंच कुबड असलेला, ती विक्रमी वजनं गाठणारा. त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. गंमत म्हणजे हे उघडकीला आलं ते गळवाल्यांच्याच वह्यांमुळे. १९९८ ते २०१२ या काळातल्या कावेरीकाठच्या एका शिबिराच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. सोडलेला खुद्री वाढत गेला होता आणि कुबडवाला दिसेनासा होत चालला होता. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणंही आहेतच. पण बाहेरून आणलेल्या भावंडाचीही त्यात भर पडली, असं अभ्यासक मानतात.

त्या कुबडवाल्याला धड शास्त्रीय नावही नव्हतं! २०१८ मध्ये कळलं, की केरळच्या पांबार नदीत सापडलेला टॉर रेमादेवी तो हाच. हे नाव आहे एका स्त्री-शास्त्रज्ञाचं, भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या के. रेमा देवी यांचं. त्याच वर्षी हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला.

लेक म्हणाली, ‘‘काकू, आमचं काम म्हणजे नुसते मासे वाढवणं नाही. मासा मोजायचा, तोलायचा, खवल्यावरची वलयं पाहून वय ओळखायचं, कल्ल्यांशी किंवा परांशी छेडछाड न करता जिवंत सोडायचा. गळवाल्याला हवा तो मासा आणि नदीचा स्वतःचा मासा, दोघांचा हिशेब ठेवायचा. आणि कधीकधी लोकांना ‘इथे हा मासा सोडू नका’ असं सांगून वाईटपणाही घ्यायचा.’’

तो वाईटपणा मग मीही घेतला. गटाच्या बैठकीत दोघी-तिघी रुसल्या. ‘‘मेहनत आमची, पैसा आमचा, नदीचं आम्हाला काय?’’ असंही ऐकावं लागलं. अखेर कटला-रोहू सोडायचं ठरलं. तेही मूळचे गंगेकडचेच, पण साठलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. चिलापी मात्र तळ्यातच पोरंबाळं वाढवत राहते. सांडव्याच्या तोंडाशी बारीक जाळीही बसवली. चिलापीइतका झटपट पैसा येणार नाही, हे मान्य करूनच.

आपण सुनेला घरात आणताना दहा चौकश्या करतो. परका जीव नदीत सोडताना एक तरी करूया ना!

आणि हो, वहिनी आता लेकीचं शिक्षण विचारलं की ठसक्यात सांगतात, ‘‘मासे विकत नाही हो ती, नदीचा संसार सांभाळायला शिकतेय.’’