तुलना कशाशी केली? : शेती, आरोग्य आणि घरखर्चातील संशोधनाची कसोटी

सर्वसामान्य कुटुंबाच्या तीन चिंता कायमच्या असतात. शेत पिकेल काय, घरातले आजारी माणूस बरे होईल काय आणि महिनाअखेर हातात चार पैसे राहतील काय. या तिन्ही बाबतींत शास्त्रज्ञांचे संशोधन सतत चालू आहे आणि त्याची फळे आपल्या निलंगा तालुक्यातील खेड्यापर्यंत पोहोचतही आहेत. मात्र संशोधनाच्या नावाखाली दारात येणारी प्रत्येक गोष्ट संशोधन असतेच असे नाही. जून लागला की एकरी दोन पोती जादा देणारी बाटली बाजारात येते. आठवडी बाजारात साखरेचा आजार मुळापासून घालवणारे चूर्ण मिळते. बचत गटातील बायकांना ‘कर्ज घ्या, घर वर येईल’ असे सांगणारी माणसे गल्लोगल्ली फिरतात. प्रस्तुत लेखक बँकेत कारकून असल्याने पीककर्जाच्या दिवसांत काउंटरवर एक प्रश्न हमखास कानी पडतो, “साहेब, हे खरं असतंय का?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपण डॉक्टर किंवा कृषी पदवीधर असण्याची गरज नाही. समोरच्या माणसाला उलट एक प्रश्न विचारावा, ‘तुलना कशाशी केली?’ आधुनिक संशोधनाचा सगळा डोलारा या साध्या प्रश्नावर उभा आहे.

शेतातली कसोटी

समजा, एका शेतकऱ्याने नवे औषध फवारले आणि सोयाबीन चांगले उतरले. श्रेय औषधाला द्यायचे काय? त्या वर्षी पाऊस वेळेवर पडला असेल, ते रान मुळातच कसदार असेल किंवा तो शेतकरीच कष्टाळू असेल. औषधाचा गुण कळण्यासाठी त्याच रानात, त्याच दिवशी पेरलेला, पण औषध न फवारलेला तुकडा शेजारी असला पाहिजे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून या पद्धतीला शिस्त आणली. कोणत्या तुकड्याला नवे खत आणि कोणत्याला जुने हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवायचे, म्हणजे चांगली जमीन आपल्या आवडत्या खताला देण्याचा मोह उरत नाही.

आपल्या मराठवाड्यात परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. याच विद्यापीठाच्या बदनापूर येथील केंद्राने तुरीचा बीएसएमआर-७३६ हा वाण दिला. मर आणि वांझ हे तुरीचे दोन मोठे शत्रू. एखादा वाण रोगाला दाद देत नाही हे सिद्ध करण्यासाठी तो मुद्दाम रोगट रानात पेरतात आणि शेजारी रोगाला चटकन बळी पडणारा वाण पेरतात. शेजारचा वाण वाळला आणि नवा उभा राहिला, तरच गुण वाणाचा. दोन्ही उभे राहिले तर त्या वर्षी रोगच आला नव्हता, एवढेच सिद्ध होते.

दवाखान्यातली कसोटी

शेतातली ही पद्धत पुढे वैद्यकशास्त्राने उचलली. त्याची निकड उघड आहे. साखरेचे चूर्ण घेणारा माणूस त्याच महिन्यात चहातली साखर सोडतो, सकाळी चालायला लागतो आणि दवाखान्याची गोळीही चालू ठेवतो. साखर उतरली की श्रेय मात्र चूर्णाला मिळते. पुढे त्या विश्वासावर तो गोळी बंद करतो आणि डोळे किंवा मूत्रपिंड गमावून बसतो.

खऱ्या तुलनेने काय साधते याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळ उबदार कसे ठेवावे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला काय करावे, जंतुदोष कसा ओळखावा आणि त्यावर औषध केव्हा द्यावे हे त्या शिकल्या. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी होती. येथे गावांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, तरी दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदला जात होता. सुरुवातीला ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत मात्र तो ६० च्या जवळपासच राहिला. शेजारच्या गावांची नोंद नसती तर ‘काळ बदलला, म्हणून मृत्यू घटले’ असे कोणीही म्हणू शकले असते. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटींत ही पद्धत आली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. या भेटींना ‘नुसती विचारपूस’ समजू नये. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड पडले असेल, निपचित असेल किंवा श्वास जोरजोरात घेत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

आणखी अलीकडचे उदाहरण क्षयरोगाचे आहे. झारखंडमध्ये २०१९ पासून झालेल्या एका अभ्यासात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे होती. औषधोपचार आणि शिधा सर्वच रुग्णांना मिळत होता. फरक घरातील इतर माणसांपुरता होता. चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या भागांत त्यांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली निष्कर्ष आला. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जेथे १०० माणसे आजारी पडली असती तेथे ३९ वाचली. दीड किलो डाळ ही लातूरकरांना नवलाची वस्तू नाही, पण तीच डाळ तांदळाबरोबर गरिबाच्या ताटात पुरेशी पडली तर क्षयाला घरात पाय पसरू देत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिधा हा औषधाला पर्याय होत नाही. औषधाचा क्रम पुरा करावाच लागतो. उपचार चालू असलेल्या क्षयरुग्णास शासनाकडून आहारासाठी बँक खात्यात पैसे मिळतात. २०१८ साली ५०० रुपयांपासून सुरू झालेली ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली. आजार लपवणाऱ्याला औषधही मिळत नाही आणि हा आधारही मिळत नाही.

घरखर्चातली कसोटी

जी कसोटी पिकाला आणि औषधाला लागते ती कर्जाला का लावू नये, असा विचार अर्थशास्त्रज्ञांनी केला. आपला भाग पूर्वी ज्या संस्थानात होता त्या हैदराबादच्या राजधानीतच हा प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील १०४ गरीब वस्त्या घेतल्या. चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या ५२ वस्त्यांत बायकांच्या गटांना छोटी कर्जे देणारी संस्था आधी गेली, उरलेल्या ५२ वस्त्यांत ती नंतर जाणार होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत. ज्यांचा आधीच काही धंदा होता त्यांनी त्यात भांडवल वाढवले. काही घरांत टिकाऊ वस्तू आल्या आणि पान-तंबाखू-चहावरचा खर्च थोडा घटला. परंतु कुटुंबाचा एकूण खर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा घरातील निर्णयात बाईचा शब्द यांत दोन्हीकडच्या वस्त्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते दारिद्र्याच्या अभ्यासात हीच प्रयोगाची पद्धत आणल्याबद्दल.

याचा अर्थ कर्ज वाईट असा नाही. चालत्या धंद्याला कर्ज बळ देते, पण नुसत्या कर्जाने गरिबी हटत नाही. तुलनेचा प्रश्न व्याजालाही विचारावा. १०,००० रुपयांवर ‘सरळ १२ टक्के’ म्हणजे वर्षाला १,२०० रुपये. पण हप्ते फेडत गेल्याने वर्षभर आपल्याकडे सरासरी निम्मीच रक्कम राहते, म्हणून खरा दर जवळजवळ दुप्पट पडतो. तेव्हा सही करण्यापूर्वी ‘हा दर सरळ की घटत्या शिलकीवर?’ असे विचारून दोन ठिकाणचे दर ताडून पाहावेत.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनी ही कसोटी घरापासून सुरू करावी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही आणि दुबार पेरणीची वेळ आली. ते संकट आधी ओळखण्याचा सोपा उपाय आहे. पेरणीच्या आठवडाभर आधी पोत्यातील १०० दाणे न निवडता घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी आणि गोणपाट ओले ठेवावे. सात-आठ दिवसांनी चांगले मोड मोजावेत. ७० किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरण्याजोगे आहे. फारच कमी निघाले तर बी बदलावे. नवी बाटली फवारायचीच असेल तर त्याच रानात चार तास कोरे सोडावेत आणि रास वेगळी मोजावी. घरात महिनाभर जमाखर्चाची वही लिहावी आणि पुढच्या महिन्याशी ताडून पाहावी.

सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या गल्लीत एवढे पाहावे की बाळंतिणीच्या घरची आशाताईची एकही भेट चुकणार नाही आणि खोकला दोन आठवडे राहिलेला कोणीही तपासणीवाचून राहणार नाही. हे काम पैशावाचून होण्यासारखे आहे. पैशाच्या अभावी आपले नुकसान होते तेवढेच न विचारलेल्या प्रश्नामुळेही होते, हे आपल्या मुलाबाळांना पटले तर कोणत्याही बाटलीचा, चुर्णाचा किंवा दामदुपटीचा माणूस त्यांना सहजासहजी फसवू शकणार नाही.