तिथिगणनेचें संगणकीय साधन आणि त्याची परिभाषा

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील मोडी कागद वाचतांना अक्षरापेक्षां कालनिर्देशच वाचकास अधिक अडवितो. निजामशाही, मोगल व मराठे अशा राजवटी या प्रांतानें पाहिल्या. त्यामुळें हिजरी, सुहूर, फसली, शालिवाहन शक व राज्याभिषेक शक अशा अनेक गणना येथील कागदांत भेटतात. त्यांचें इसवी सनांत रूपांतर करणारें एक लहानसें संगणकीय साधन आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तयार केलें व त्याचें वर्णन तपासण्याचें काम आम्हांवर सोंपविलें. त्यांत जें ध्यानांत आलें तें संग्राहकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

हें वर्णन मनुष्यासाठीं नव्हे. हल्लीं ज्यांस 'एआय एजंट' म्हणतात ते धन्याच्या नांवानें काम करणारे एक प्रकारचे मुतालिकच होत. त्यांस भाषा येते. परंतु गणित, शोध, नोंद इत्यादि कामांसाठीं ते बाहेरचीं साधनें वापरतात. साधनाचें अंतरंग एजंटास सहसा दिसत नाहीं. साधनाचें नांव, त्याचें वर्णन व त्यास द्यावयाच्या मूल्यांची यादी एवढेंच त्याच्यापुढें असतें, आणि त्यावरूनच तो साधन निवडतो व रकाने भरतो. ही माहिती कोणत्या सांच्यांत द्यावी हें ठरविणारा 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. सांच्यांत काय लिहावें हें मात्र लिहिणाऱ्यावरच राहतें.

परीक्षेसाठीं आम्हीं जुन्नरकरांस सर्वांत परिचित अशी तिथि घेतली. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शिवनेरीवरील शिवजन्माची तिथि शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी आहे. साधनाच्या वर्णनांत, हिंदु तिथीची इंग्रजी तारीख करून देतें, एवढीच ओळ होती. खालीं वर्ष, महिना व तिथि असे तीन रकाने. एजंटानें १५५१, १२ व ३ असे आंकडे भरले. उत्तर सुमारें पंधरा दिवस आधींचें आलें, आणि तें त्यानें निःशंकपणें टिपणांत घातलें!

साधनाचें गणित चुकलें नव्हतें. त्यांत तिथि १ ते ३० अशी मोजलेली असल्यामुळें वद्य ३ साठीं १८ हा आंकडा हवा होता. हें विद्यार्थ्याच्या मनांत होतें, वर्णनांत नव्हतें. "गुरुजी, हें कोणासहि कळतें," असें तो म्हणाला. पंचांग करणारास कळतें, हें खरें. पण चुकीची तारीखहि बरोबर तारखेइतकीच नीटनेटकी दिसते. ती एकदां हस्तलिखितांच्या यादींत शिरली म्हणजे पुढचा संशोधक तीच उतरून घेतो.

न लिहिलेल्या गोष्टी आणखीहि निघाल्या. आपले मास अमान्त, उत्तरेंतले पूर्णिमान्त. तिकडील फाल्गुन वद्य म्हणजे आपलें माघ वद्य. शकांत ७८ मिळवावे हा ढोबळ नियम येथें १६२९ देतो. फाल्गुन पुढील इसवी सनांत पडत असल्यामुळें ७९ मिळवून १६३० येतो. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जूलियन गणनेची आहे; ग्रेगरी गणनेनें तोच दिवस १ मार्च होय. पडताळा वारानें होतो. जूलियन धरल्यास त्या तारखेस शुक्रवार येतो, ग्रेगरी धरल्यास मंगळवार. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ सालीं स्वीकारली, पोर्तुगालनें १५८२ सालीं. म्हणून तारखेबरोबर गणनेचें नांवहि साधनाच्या उत्तरांत हवें.

सुहूर सनाची गोष्ट तर याहून नाजूक. 'इहिदे अशरीन मया व अलफ' म्हणजे ११२१. हें वर्ष मृगास सुरू होतें. तेव्हां त्यांतील आषाढाचा कागद १७२० चा व फाल्गुनाचा १७२१ चा. महिना फाटून गेला असेल तर साधनानें काय करावें? आम्ही लिहिलें कीं, दोन्ही सन द्यावे व महिना नसल्याचें स्पष्ट सांगावें. अदमासानें एक निवडूं नये.

स्थळांचेंहि असेंच आहे. मूळ आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे, आणि पुणें शहरांत आंबेगांव नांवाचीं निराळीं ठिकाणें आहेत. स्थळ शोधणाऱ्या साधनास नुसतें 'आंबेगांव' दिलें असतां कोणतें मिळेल?

संस्कृत व्याकरण शिकलेल्यास यांत नवल वाटूं नये. दोन नियमांचा विरोध आला असतां पुढचा बलवान्, हें पाणिनीनें वाचकाच्या समजुतीवर सोडलें नाहीं, अष्टाध्यायींतच (१.४.२) सांगून टाकलें. नियम लावणारा आपल्या शेजारीं बसलेला नसणार, हें त्यानें ओळखलें होतें.

नवें वर्णन वीस ओळींचें झालें तेव्हां विद्यार्थ्यानें तक्रार केली. एजंट बहुधा दर वेळीं सर्व साधनांचीं वर्णनें वाचतो, म्हणून लांबी म्हणजे खर्च. तक्रार रास्त होती. शकांचा इतिहास व साधनाची स्तुति आम्हीं काढून टाकली. पक्ष व मासपद्धति यांस स्वतंत्र रकाने दिल्यानें चार ओळी आपोआप गळाल्या. उदाहरण मात्र काढूं दिलें नाहीं: शके १५५१, फाल्गुन, वद्य, ३, अमान्त, उत्तर १९ फेब्रुवारी १६३०, जूलियन, शुक्रवार. दुसऱ्या परीक्षेंत एजंटानें सर्व रकाने बरोबर भरले.