उसाचे पेट्रोल, घाटाची हवा आणि कार्ब्युरेटरची सुई

जुनी मॉरिस किंवा अॅम्बॅसेडर बाळगणाऱ्यांची अलीकडे एक ठरावीक तक्रार ऐकू येते. गाडी स्लोवर नीट चालते, पण रेस दिली की क्षणभर दम तोडते, कार्ब्युरेटरमधून फट् करून उलटा फटका मारते आणि उन्हात लवकर गरम होते. फिटर प्लग बदलतो, पॉइंट घासतो, टायमिंग पुढेमागे करतो, तरी फरक पडत नाही. अनेकदा दोष इंजिनात नसून पेट्रोलात असतो आणि त्यावरचा इलाज काडीएवढ्या पितळी सुईत दडलेला असतो.

बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या बाजूला उभ्या घुमटासारखे धातूचे भांडे आणि त्यावर फिरवून काढायचे टोपण दिसले, तर तो एसयू कार्ब्युरेटर. तो बनवणाऱ्या स्किनर बंधूंच्या कंपनीची स्थापना 1910 सालची. 1926 मध्ये विल्यम मॉरिसने ती विकत घेतली आणि मॉरिसच्या गाड्यांवर एसयू ठरूनच गेला. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेल्या आपल्या अॅम्बॅसेडरच्या सुरुवातीच्या गाड्यांवरही तो सापडतो.

याची रचना फार हुशारीची. घुमटातला पिस्टन इंजिनाच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो. त्याच्या तळाशी निमुळती सुई अडकवलेली असते आणि ती खालच्या जेटमध्ये शिरते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त जाते. स्लोपासून पूर्ण रेसपर्यंत एकच जेट आणि एकच सुई. म्हणून सुईची जाडी कुठे किती कमी होते, यावर गाडीचे पिकअप, अॅव्हरेज आणि तापमान अवलंबून असते.

ही जाडी एक अष्टमांश इंचाच्या टप्प्याटप्प्याने, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. प्रत्येक सुईच्या दांड्यावर अक्षरे कोरलेली असतात. उदाहरणार्थ, 1098 सीसीच्या मॉरिस मायनरची नेहमीची सुई ‘एएन’, रिच (जास्त पेट्रोल देणारी) हवी तर ‘एच 6’ आणि लीन (कमी पेट्रोल देणारी) हवी तर ‘ईबी’. जाडीतला फरक किती नाजूक असतो, ते आकड्यांत पाहू. जेट 0.090 इंचाचे आणि त्या टप्प्यावर सुई 0.080 इंचाची असेल, तर सुई अर्ध्या हजारांशाने बारीक होताच फटीचे क्षेत्रफळ जवळपास पाच टक्क्यांनी वाढते. अर्धा हजारांश म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण सहावा हिस्सा. सुईला पॉलिश पेपर मारून ‘जरा बारीक’ करणारे फिटर असतात. त्यांच्या हातात गाडी देण्याआधी हा हिशेब आठवावा.

आता सुई बदलायची का, हे पाहू. गाडीच्या पुस्तकातली सुई ठरली ती शुद्ध पेट्रोल आणि समुद्रसपाटीच्या आसपासची हवा धरून. आपल्याकडे दोन्ही बदलले आहे. 2025 पासून देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हेच नेहमीचे झाले. त्यातला बराच वाटा उसाचा. रेठरे बुद्रुकचा कृष्णा किंवा साखराळ्याचा राजारामबापू अशा कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या सातारा-सांगलीच्याच मातीत उभ्या आहेत. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. जुनी सुई ते देत नाही आणि मिक्स्चर लीन होते.

उंचीमुळे उलटे घडते. वर हवा विरळ होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिक्स्चर रिच होते. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथे हा परिणाम अडीच टक्क्यांच्या घरात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे सहा-साडेसहा टक्के. बेरीज-वजाबाकी केली तर पुस्तकातल्या सुईवर महाबळेश्वरला गाडी जवळजवळ बरोबर चालते, पण सांगलीत साडेपाच-सहा टक्के लीन राहते. सातारा या दोन्हींच्या मधे.

ही तूट जेटखालचा नट फिरवून भरता येणार नाही का? स्लोवर येते. पण नट फिरवला की जेट सगळ्या टप्प्यांवर सारखेच खाली जाते. स्लोवर फट मुळात अरुंद असल्याने तिथे मिक्स्चर फारच रिच होते, तर रेसवर फरक पुरेसा पडत नाही. म्हणून स्लोसाठी नट आणि रेससाठी सुई, अशी वाटणी करावी.

सुई मागवण्याआधी बाकीची बाजू नीट करून घ्यावी. टॅपेट, पॉइंट, टायमिंग, प्लग आणि मॅनिफोल्डची गळती तपासावी. घुमट आणि पिस्टन पेट्रोलने पुसून कोरडे करावेत. डँपर (घुमटाच्या टोपणाला जोडलेला दांडा) काढून पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो ‘टक्’ असा आवाज करत तळाला बसला पाहिजे. तो अडकत असेल, तर आधी जेट मध्यावर आणावे. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट बसवावा. डँपरमध्ये वीस नंबरचे पातळ तेल घालावे.

मग इंजिन पूर्ण गरम करून पिस्टन अगदी किंचित, एक मिलिमीटरपेक्षाही कमी, उचलून पाहावा. आवाज वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर रिच. इंजिन बसू लागले तर लीन. क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावले तर बरोबर. नट एका वेळी एकाच पैलूने फिरवावा, म्हणजे सहा पैलूंत एक पूर्ण फेरा होतो.

खरी परीक्षा रस्त्यावर. सपाटीसाठी सांगली-इस्लामपूर रस्ता चांगला, तर चढासाठी वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट. एका वेगाने काही किलोमीटर गेल्यावर सुरक्षित जागी गाडी न्यूट्रल करून लगेच इग्निशन बंद करावे आणि प्लग काढावे. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन. हा प्रयोग उतारावर आणि वळणावर करू नये. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मिळतो, पण तो स्लोचा असतो, रेसचा नव्हे.

फियाट आणि पद्मिनीवाल्यांचे काम सोपे आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या या गाड्यांवर सोलेक्स प्रकारचा कार्ब्युरेटर असतो. सोलेक्सला अशी सुई नसते. तिथे मुख्य जेटचा नंबर बदलायचा. नंबर हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला व्यास. समजा 120 चे 125 केले, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बुलेटसारख्या मोटारसायकलींवर सुई असते, पण ती बदलण्याऐवजी तिची क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर जाते आणि मिक्स्चर रिच होते.

मग घाटात नेहमी जा-ये करणाऱ्याने काय करावे? गाडी सपाटीसाठी लावावी आणि महाबळेश्वरला थोडे रिच चालू द्यावे. जास्त रिचने प्लग काळा पडतो, तो पुसता येतो; लीन मिक्स्चरवर घाट चढताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते. तेव्हा आधी नट, मग पुस्तकातल्यापेक्षा एक पायरी रिच सुई, हाच क्रम पाळावा. जुनी सुई मात्र टाकू नये. तिच्या दांड्यावरची अक्षरे वहीत लिहून ती डबीत जपून ठेवावी.