पाच लिटर पेट्रोलएवढी वीज

नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिट वीज मावते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. भागाकार केला की हाती येतं ते असं: गाडीच्या तळाशी बसवलेली, तीनशे किलोंच्या घरातली ती अख्खी बॅटरी पेट्रोलच्या हिशेबात जेमतेम पाच लिटरची. पाच लिटरच्या भरवशावर पेट्रोलची मोठी गाडी घेऊन वाघोलीहून छत्रपती संभाजीनगरला कोणी निघणार नाही. अंतर सुमारे २२० किलोमीटर आहे. ही विजेची गाडी मात्र तिथे पोचते, आणि पोचल्यावर थोडी वीज शिल्लकही असते.

हे होतं कसं? पेट्रोल जाळलं की बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. चाकांपर्यंत जेमतेम चौथा हिस्सा पोचतो, फार तर थोडा जास्त. विजेच्या मोटरीत दहातले जवळपास नऊ हिस्से चाकाला मिळतात. शंभर वर्षं आपण इंधनाचा मोठा भाग हवा तापवण्यात घालवत आलो, आणि पेट्रोलमध्ये ऊर्जा इतकी ठासून भरलेली असते की ते कधी जाणवलंही नाही. विजेच्या गाडीकडे साठा तुटपुंजा, म्हणून तिला प्रत्येक युनिटाचा हिशेब ठेवावा लागतो. त्या हिशेबात रस्त्याचा चढ, समोरचा वारा, उन्हाळ्याची काहिली, चालवणाऱ्याचा उतावीळपणा असं सगळं उमटतं. लांबच्या प्रवासाला ही गाडी चालते का, याचं उत्तर मी याच हिशेबात शोधतो.

वाघोलीकरांना ही गाडी परकी नाही. जानेवारी २०२०मध्ये बाजारात आलेली नेक्सॉन ईव्ही आपल्याच नगर रस्त्यावर, शिक्रापूरच्या पुढे रांजणगावच्या कारखान्यात तयार होते. आणि वाघोलीकरांना सर्वांत आधी जी भीती वाटते ती केसनंद फाट्यावरच्या कोंडीची. तासभर तिथेच अडकलो तर बॅटरी संपेल ना? नाही संपत. गाडी उभी असताना मोटर काही खात नाही. एसीला तासाला एखादं युनिट लागतं, म्हणजे सहा-सात किलोमीटरची रेंज गेली. बस, एवढंच. लोणीकंदपर्यंत रखडत, थांबत, पुन्हा निघत जाणं हा पेट्रोलच्या गाडीचा सर्वांत खर्चिक प्रवास. विजेच्या गाडीचा तो सर्वांत स्वस्त. तिची खरी परीक्षा रस्ता मोकळा झाल्यावर सुरू होते.

कंपनीच्या पत्रकात या गाडीची रेंज ४८९ किलोमीटर लिहिलेली आहे. तो आकडा खोटा नाही, पण तो प्रयोगशाळेतला आहे. आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या आलेखाबरहुकूम चालवतात. त्या भारतीय आलेखातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे, आणि तोही फार थोडा वेळ. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा आहे. त्या वेगाचा पत्रकातल्या आकड्याशी काही संबंध उरत नाही.

कारण हवा. ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगाला हवा अंगाला लागल्यासारखीही वाटत नाही. पण तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९०वरून १२०वर गेलात की वेग एक तृतीयांशानेच वाढतो आणि हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. अशा गाडीचा ढोबळ हिशेब मांडला तर ९०च्या वेगाला शंभर किलोमीटरला साडेपंधरा युनिट लागतात आणि १२०ला बावीस. एका भरलेल्या बॅटरीत पहिल्या वेगाने २९० किलोमीटर, दुसऱ्याने २०५. गाडी तीच आणि रस्ताही तोच, फक्त उजव्या पायाचा दाब वेगळा, आणि ८५ किलोमीटर हवेत विरून जातात.

आता मला सर्वांत आवडणारं गणित. वाघोलीहून नागपूर सातशे किलोमीटरच्या आसपास. त्यातले पाचशे किलोमीटर मोकळ्या रस्त्याचे धरू. १२०ने गेलात तर ९०च्या तुलनेत एक तास तेवीस मिनिटं वाचतात, पण ३२ युनिट जास्त लागतात. ती कुठेतरी भरून घ्यावीच लागणार. वाटेत २५ किलोवॉटचा चार्जर मिळाला तर तेवढं भरायला एक तास सतरा मिनिटं जातात. म्हणजे जिवावर उदार होऊन कमावलेल्या एक तास तेवीस मिनिटांतली सहाच मिनिटं हातात उरतात! तोच चार्जर खरोखरीचे ५० किलोवॉट देणारा असेल तर पाऊण तास निव्वळ नफा. गाडीचा फायदेशीर वेग इंजिनावर ठरत नाही. जालना किंवा मेहकरजवळचा चार्जर किती दमाचा आहे, त्यावर तो ठरतो. पेट्रोलच्या दुनियेत असा प्रश्नच कधी पडला नव्हता.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला, आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या ईव्ही धोरणात या मार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी देण्यात आली. टोल माफ केला हे चांगलंच झालं. पण माझं मत विचाराल तर त्याहून मोठी सोय म्हणजे दर पन्नास-साठ किलोमीटरला चालू असलेले, एकाच वेळी चार गाड्या भरू शकणारे चार्जर. एकच चार्जर, तो बंद, आणि पुढचा ऐंशी किलोमीटरवर, ही वेळ आली की कुटुंबाला घेऊन निघालेल्या माणसाचा सगळा उत्साह मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत तर चालू चार्जरपुढेही रांग लागते. या गाडीच्या लांबच्या प्रवासातली खरी अडचण मला इथे दिसते, बॅटरीत नाही.

चार्जिंगबद्दल आणखी एक. लांबच्या वाटेवर बॅटरी शंभर टक्के भरायची नसते. ८० टक्के झाले की निघायचं. याचं कारण बॅटरीच्या पोटात आहे. वीज भरताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकाम्या एसटीत पहिले प्रवासी भराभर बसतात आणि शेवटच्या दहा जणांना जागा शोधत हळूहळू सरकावं लागतं, तसंच इथे होतं. त्या शेवटच्या आयनांना घाईने आत ढकललं तर ते थरांत न शिरता वरच धातू होऊन साचतात आणि बॅटरीला कायमची इजा होते. म्हणून गाडीच वेग कमी करते. ६० किलोवॉटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के सुमारे चाळीस मिनिटांत होतात, आणि उरलेले २० टक्के जवळपास तेवढाच वेळ मागू शकतात. दोनदा अर्धवट भरणं हे एकदा काठोकाठ भरण्यापेक्षा लवकर उरकतं.

पश्चिमेला, मुंबईच्या वाटेवर, हिशेब अगदी वेगळ्या कारणाने रंगतो. तिथे बोरघाट आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. माणसं आणि सामान धरून अठराशे किलोंची गाडी तेवढी वर उचलायला निसर्गनियमाने पावणेतीन युनिट लागतात. त्यातून कोणाची सुटका नाही. चाकांचं घर्षण, हवा आणि मोटरीतली गळती मिळवली की घाट चढेपर्यंत चार-साडेचार युनिट, म्हणजे बॅटरीचे जवळजवळ दहा टक्के जातात. नवखा माणूस इथे घाबरतो. टक्के डोळ्यांदेखत घसरतात, आणि पनवेलला दिसणारी रेंज लोणावळ्याला खोटी ठरते.

पण उलट्या दिशेने पाहा. मुंबईकडे उतरताना हीच उंची परत मिळते. पाय काढला की मोटर जनित्र होते, गाडीचा वेग रोखते आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत टाकते. चालवणारे याला ‘रीजन’ म्हणतात. घाटातले ते तेरा-चौदा किलोमीटर फुकटात जातात आणि वर एखादं युनिट जमा होतं. पेट्रोलच्या गाडीत हीच उंची ब्रेकच्या पॅडमध्ये तापून वाया जाते. घाटाखाली येणारा तो करपट वास म्हणजे उधळलेली उंचीच. एक काळजी मात्र घ्यायची. लोणावळ्यातून बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागलात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. थोडी मोकळी ठेवूनच निघावं.

आणि ही कल्पना या घाटाला नवी नाही. १९१५मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीला सुरू झालं. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि मुंबईला वीज देतं. म्हणजे सह्याद्रीच्या त्याच कड्याची उंची शंभर वर्षांहून अधिक काळ विजेत बदलते आहे. तिथे पाणी उतरतं, इथे गाडी उतरते, भौतिकशास्त्र एकच. मी याचाही हिशेब करून पाहिला. आपली अठराशे किलोंची गाडी घाटाच्या उंचीवर न्यायला खोपोलीच्या टर्बाइनमधून किती पाणी पडावं लागेल? जनित्र, तारा, चार्जर आणि मोटर यांतली गळती धरूनही सुमारे तीन हजार लिटर. आमच्या वाघोलीच्या सोसायट्यांत रोज जे दहा हजार लिटरचे टँकर येतात, त्यातल्या एकाचा तिसरा हिस्सा. हे उत्तर आल्यापासून मी टँकरकडे वेगळ्याच नजरेने पाहतो.

नागपूरच्या वाटेवर असा घाट नाही, तरी उंची तिथेही गुपचूप काम करते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि नागपूर ३१०वर. म्हणजे जाताना पठार आपल्याला एका युनिटाहून थोडी जास्त भेट देतं, आणि येताना परत मागून घेतं. उन्हाळ्याचं गणित तर अजूनच गुंतलेलं. विदर्भातल्या ४५ अंशांत एसी दीड-दोन किलोवॉट खातो, बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते, आणि तापलेला चार्जर स्वतःच दम कमी करतो. पण त्याच वेळी गरम हवा विरळ असते. थंडीतल्या वीस अंशांच्या हवेपेक्षा तिचा विरोध सातआठ टक्क्यांनी कमी भरतो. एका हाताने घेतलेलं थोडंसं दुसऱ्या हाताने परत मिळतं.

सगळ्यांत जास्त सावध राहायचं ते जून-जुलैत नागपूरहून परतताना. तेव्हा पावसाळी वारा पश्चिमेकडून, म्हणजे जवळजवळ समोरून असतो. ताशी वीस किलोमीटरचा वारा समोरून आला तर तुम्ही ९०ने जात असताना गाडीला ती ११०ची हवा वाटते आणि हवेचा विरोध दीडपट होतो. वर पठाराचा चढ. त्यामुळे येतानाची रेंज जातानाच्या आकड्यावरून ठरवू नये, वाटेत एक थांबा जास्त धरावा. शेवटचा टप्पा मात्र सोपा आहे. अहिल्यानगरहून वाघोली सुमारे १०५ किलोमीटर. वारा नसेल तर ४५ युनिटच्या बॅटरीचे छत्तीसेक टक्के लागतात. तिथून ५० टक्के घेऊन निघालात तर घरी चौदा टक्के घेऊन पोचाल. पावसाळी वारा जोरात असेल तर ६०वर निघा. वाघोलीजवळ रस्ता तुंबलेला असेल, तर त्याची चिंता करू नका.