ट्रॉलीचा लाल दिवा

रात्रीची वेळ. नगर–मनमाड रस्ता. पुढे उसाची ट्रॉली चालली आहे. तिला मागे दिवा नाही. मागून मोटारसायकल येते. स्वाराला ट्रॉली दिसते, तोवर ऊस छातीशी आलेला असतो.

प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा ऊस बैलगाडीतून येई. गाडीखाली कंदील लोंबे. ट्रॉलीला तेवढाही उजेड असू नये?

एलईडीचा दिवा घरीही करता येतो. एका लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात. ट्रॅक्टर चालू असताना तारेत १४ व्होल्ट येतात. थेट जोडली तर ती जळलीच! म्हणून तीन एलईडी एकीमागे एक जोडाव्या. त्याच रांगेत ४७० ओहमचा रेझिस्टर घालावा. तो वीज अडवून बेताची सोडतो. पाटाच्या तोंडाशी आपण फळी लावतो ना, तसेच. एलईडीचा लांब पाय अधिककडे ठेवावा. अशा चार-पाच रांगा शेजारी शेजारी जोडाव्या. एक रांग गेली तरी बाकीच्या पेटतात.

आता फ्यूज. ट्रॉलीची तार हुकापाशी घासते. वरचे रबर झिजते, तांबे लोखंडाला लागते. मग वीज तिथूनच धावते. तार तापून लाल होते, आगही लागते. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ १ अँपियरचा फ्यूज असला, तर आधी तो वितळतो. पुष्कळजण त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळतात. तरुणपणी आम्हीही घरी तसे केले होते. भिंतीवरची तार जळून काळी पडली. नवा फ्यूज घालण्याआधी तार कुठे घासली ते शोधा.

दिव्यावर वाढे लोंबू देऊ नका. निघताना चिखल पुसा.