आकाशातली जकात आणि तिची खरी हकीकत

शेजारच्या राष्ट्राने आपले आकाश बंद केल्याची वार्ता आली, की चार शहाणी माणसे जमून हिशेब मांडू लागतात: 'आता त्यांचे भाडे बुडाले!' २०१९ साली पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले बहुतेक हवाई मार्ग मिटले, तेव्हा हे वाक्य ऐकून कान किटले. २०२५ च्या एप्रिलनंतर ते पुन्हा घरोघर सुरू झाले. डोक्यावरून जाणारे विमान जकात नाक्यावरच्या गाडीप्रमाणे अडवून प्रत्येक देश केवळ वाट दिल्याबद्दल पैसा वसूल करतो, अशी ही समजूत असून ती सुशिक्षितांतच अधिक रुजलेली दिसावी, याचा विषाद वाटतो.

१९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्या कलमाने आपापल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण प्रभुत्व मान्य केले असले, तरी पंधराव्या कलमाने निव्वळ हद्दीतून जाण्याच्या, आत येण्याच्या वा बाहेर पडण्याच्या हक्कापोटी कोणताही आकार लावण्यास मनाई केली आहे. मग पैसा घेतला जातो तो कशाचा? नियंत्रकांच्या वेतनाचा, रडारच्या देखभालीचा, संदेशवहनाचा आणि दिशादर्शक यंत्रणांचा. तो सेवेचा मेहनताना होय. शंका उरलीच असेल, तर मुंबई केंद्राच्या हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. ते क्षेत्र किनाऱ्यावर न थांबता अरबी समुद्रावर दूरवर पसरलेले असून, त्यातील मोठा भाग कोणाही राष्ट्राच्या मालकीचा नसलेल्या खुल्या समुद्रावर आहे. तेथेही भारतीय विमानतळ प्राधिकरणाला आकारणी करता येते, कारण तेथील विमानांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्याची आहे. जे आकाश आपले नाहीच, त्याचे भाडे कोण कोणाला लावणार? म्हणूनच बंद आकाशामुळे उत्पन्न बुडते हे खरे असले, तरी नियंत्रकांचे पगार आणि यंत्रांचा खर्च चालूच राहतो, ही तोट्याची दुसरी बाजू त्या शहाण्यांच्या हिशेबात कधी येत नाही.

नियमाला गालबोट नाही असे नव्हे. सायबेरियावरून जाण्यासाठी युरोपीय विमान कंपन्यांना एरोफ्लोटला जी रक्कम द्यावी लागे, तिच्यावर वर्षानुवर्षे वाद माजला, तो तिचा सेवेच्या खर्चाशी संबंध दिसत नव्हता म्हणूनच.

आकारणीची रीत युरोपात पाहावी. विमानाने त्या क्षेत्रात कापलेल्या किलोमीटरांना १०० ने भागावे. विमानाच्या कमाल उड्डाणभाराच्या टनांना ५० ने भागून त्याचे वर्गमूळ काढावे. हे दोन आकडे परस्परांशी गुणून येणाऱ्या एककांना त्या देशाचा दर लावावा. वरून सरळ निघून जाणाऱ्या २०० टनी विमानाचे १,००० किलोमीटरांना २० एकक होतात, तर ५० टनी विमानाचे १०. दर ठरतो तो मुख्यतः अपेक्षित खर्चाला अपेक्षित एककांनी भागून.

या भागाकारातच दुसऱ्या गैरसमजाचे उत्तर आहे. वाहतूक घटली की दर उतरलाच पाहिजे, असे मानणाऱ्यांनी कॅनडाचे उदाहरण ध्यानी घ्यावे. तेथे १९९६ पासून हा कारभार नॅव्ह कॅनडा या भागधारक नसलेल्या खासगी संस्थेकडे असून, तिला आपला खर्च ग्राहकांच्या शुल्कातूनच भागवावा लागतो. महासाथीने आकाश ओस पडले असता तिने सप्टेंबर २०२० पासून मूळ दर सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवले. खर्च बहुतांशी स्थिर आणि एकक मात्र थोडे, अशा वेळी दुसरे काय होणार?

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतील.

चौपट वजनाला चौपट आकार पडतो? वर दाखवलेल्या रीतीने दुप्पटच.

प्रवासी थोडे असले तर शुल्क कमी होते? त्या सूत्रात आसने मोजली जात नाहीत. रिकाम्या विमानावरही नियंत्रकाला तितकेच लक्ष ठेवावे लागते.

खासगी संस्था म्हणजे नफेखोरी? नॅव्ह कॅनडाला लाभांश वाटण्यासाठी भागधारकच नाहीत.

सर्वत्र शुल्काचीच पद्धत आहे? अमेरिकेत देशांतर्गत तिकिटावरील ७.५ टक्के करासारख्या करांतून या खर्चाचा मोठा भाग निघतो.

तेव्हा एखाद्या देशाचा दर जबर वाटत असेल, तर त्याच्या खर्चाचा ताळेबंद मागावा आणि त्यातील प्रत्येक रकमेवर खुशाल भांडावे; आकाशाच्या मालकीचा मामला त्यात ओढून काहीही साध्य होणार नाही.